टाकीच्या झाकणाला एक भोक असतं

मी एक जुना, दोन चाकांचा, बागेतला छोटा ट्रॅक्टर आहे आणि दोरी ओढल्याशिवाय मला जाग येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. बटण दाबलं की सुरू होणारी माझी नवी भावंडं बघितली की मला हसू येतं. त्यांना उठवायला एक बोट पुरतं. मला उठवायचं तर माणसाला पाय रोवावे लागतात, दातओठ खावे लागतात, आणि कधी कधी माझ्या बापजाद्यांचा उद्धारही करावा लागतो. मित्रांनो, इतक्या आस्थेनं तुम्हाला तरी रोज कोण उठवतं?

माझा जन्म कारखान्यातला. रांगेच्या शेवटी एक बाई उभी असायची. प्रत्येक इंजिन एकदा सुरू करून पाहायचं, हे तिचं काम. पहिल्याच झटक्याला मी सुरू झालो, तेव्हा तिनं माझ्या टाकीवर थाप मारली आणि म्हणाली, "शहाणं आहे गं हे!" जगात आल्या आल्या कौतुक वाट्याला आलं. तिचं नाव मला ठाऊक नाही, पण तिचे उपकार मी विसरलेलो नाही.

दुकानातून मला आप्पांनी घरी आणलं. आप्पा म्हणजे जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले गृहस्थ. घरामागे त्यांची थोडी जमीन होती, दगडगोट्यांनी भरलेली. तिथं टोमॅटो, घेवडा, काकडी लावायचं त्यांनी मनावर घेतलं. सुरू करण्याआधी ते माझ्याभोवती एक फेरी मारायचे, दोन्ही टायर बुटानं दाबून बघायचे. बसची सवय, दुसरं काय! मग चोक ओढायचे, दोरी दोनदा हलकेच, तिसऱ्यांदा जोरात. "ऊठ गड्या," म्हणायचे, आणि मी उठायचो. कितीतरी वर्षं आम्ही दोघांनी ती माती भुसभुशीत केली. खाल्ल्या पेट्रोलला मी जागलो, असं म्हणायला हरकत नाही.

मग आप्पांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि त्यांची लेक घरी राहायला आली. तिला सगळे ताईच म्हणतात, मीही म्हणतो. ताई औषधांच्या दुकानात काम करते. बाटल्यांची झाकणं घट्ट लावून लावून तिचा हात असा झाला आहे की तिनं बंद केलेली बरणी घरात दुसऱ्या कुणाला उघडत नाही. आईला तिनं अचानक गमावलं होतं, आता आप्पांना ती जिवापाड जपत होती. "आप्पा, वारं लागेल." "आप्पा, उन्हात नको." "आप्पा, झारी खाली ठेवा बघू." मागच्या ओट्यावर एका खुर्चीत आप्पा शाल पांघरून बसायचे आणि मी शेडमध्ये उभा असायचो. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत दिवस काढत होतो.

पेरणीचे दिवस जवळ आले तेव्हा ताईनं ठरवलं की आप्पांनी तिच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी राहायला यायचं. आप्पा काकुळतीला आले. "एवढा हंगाम राहू दे गं. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना? माती शेडमधला आपला गडी उकरेल, मी नुसता मागून चालेन. दोरीला हात लावणार नाही."

ताईनं शेडमध्ये येऊन मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. शेवटी म्हणाली, "बरं. ट्रॅक्टर धड चालू झाला तर इथंच राहू. नाही झाला, तर रविवारी जमीन शेजारच्या भाऊंना करायला द्यायची आणि तुम्ही मुकाट्यानं माझ्याबरोबर यायचं."

म्हणजे बघा, म्हाताऱ्याचं सगळं घरदार माझ्या दोरीला टांगलेलं!

आणि मी सुरूच होईना. ताईनं दोरी ओढून ओढून तळहात लाल केले. मिस्त्री आला, त्यानं टाकीत नाक घातलं आणि तोंड वाकडं केलं. "ताई, हे पेट्रोल राहिलेलं नाही. जुनं झालंय आणि वर पाणीही गेलंय." त्यानं टाकी रिकामी केली, कार्बोरेटर उघडून धुतला, काळा पडलेला प्लग घासला. नवीन पेट्रोल पोटात गेलं आणि मी खणखणीत आवाज दिला. ओट्यावर आप्पांनी टाळी वाजवली. जाताना मिस्त्री म्हणाला, "झाकणातून पाणी गेलं असणार. जरा जपा."

ताईला आणि जपायला सांगायचं! तिनं त्याच संध्याकाळी प्लॅस्टिकचा एक जाड कागद दुहेरी घडी करून टाकीच्या तोंडावर ताणून बसवला आणि वरून झाकण असं काही पिळलं की मी कण्हलो.

मित्रांनो, माझ्या झाकणाला एक बारीक भोक आहे. जेवढं पेट्रोल खाली इंजिनात उतरतं, तेवढी हवा त्या भोकातून टाकीत येते. हवा आली नाही तर पेट्रोल उतरत नाही. टाकी काठोकाठ भरलेली आणि मी उपाशी, अशी माझी गत झाली.

दुसऱ्या दिवशी मी झोकात सुरू झालो, जेमतेम अर्धी ओळ गेलो, खोकलो आणि थांबलो. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झालो, पुन्हा थांबलो. ताईनं नवा प्लग घातला, हवेची जाळी झटकली. शेजारचे भाऊ आले. त्यांना ती जमीन हवी होती, हे खोटं कशाला बोलू? पण माणूस दिलदार. खांदा भरून येईपर्यंत त्यांनी दोरी ओढली, मगच मला भंगारात द्यायचा सल्ला दिला. शेवटी मिस्त्री मला टेम्पोत घालून दुकानात घेऊन गेला. तिथं त्यानं पेट्रोलची स्वतःची बाटली वर टांगली, तिची नळी थेट कार्बोरेटरला जोडली, आणि मी दुपारभर अखंड चाललो. माझं झाकण त्यानं उघडलंच नाही. "याला काही झालेलं नाही, ताई," तो म्हणाला. "घरी गेला की नखरे करतो."

नखरे! मला वाचा असती तर मी तिथंच चार शब्द सुनावले असते.

घरी येऊन मी पुन्हा गप्प झालो. आप्पा मात्र खुर्चीत बसून कान देऊन ऐकत होते. "अगं, आवाज ऐक त्याचा. तो उपाशी मरतोय."

"टाकी भरलेली आहे, आप्पा," ताई घाम पुसत म्हणाली. "तुम्ही बसा बघू निवांत. उंटावरून शेळ्या हाकू नका."

आप्पा बसूनच होते. त्यांनी शाल खांद्यावर ओढून घेतली. मला फार वाईट वाटलं.

रविवारी सकाळीच भाऊ आले. ताईनं शेवटचा प्रयत्न म्हणून दोरी ओढली. मी जीव खाऊन पळालो, पण पहिल्या ओळीच्या मध्यावर माझा श्वास संपला. ताईनं दोरी सोडून दिली. "झालं. आप्पा, सामानाचं बघू या आपण."

आप्पा खुर्चीतून उठले. "ताई, एकदा झाकण उघडून बघ. माझं एवढं ऐक. मग तू म्हणशील तिथं येतो."

त्यांचा आवाज ऐकून ती वळली. तिनं दोन्ही हातांनी झाकण फिरवलं, आणि सुस्सकन हवा आत शिरली. काय सांगू तुम्हाला, किती बरं वाटलं ते!

"आवाज कसला आला गं?" आप्पांनी विचारलं.

ताईच्या हातात तो प्लॅस्टिकचा कागद होता. आतल्या ओढीनं त्याची खोलगट वाटी झाली होती. झाकणाचं भोक तिनं उजेडात धरून पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि तिच्या सगळं लक्षात आलं. "हा मीच लावला होता," ती म्हणाली. "पाणी जाऊ नये म्हणून."

"गुदमरला बिचारा," आप्पा म्हणाले आणि खो खो हसायला लागले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा मी त्यांना असं हसताना ऐकलं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा!" भाऊंनी कपाळावर हात मारला.

ताईला मात्र हसू आलं नाही. ती मातीत खालीच बसली आणि तिचे डोळे भरून आले. "मी चांगलं व्हावं म्हणूनच केलं हो, आप्पा." माझ्याबद्दल बोलत होती, पण बघत होती आप्पांकडे.

"ठाऊक आहे गं पोरी. त्यालाही ठाऊक आहे."

होतंच मला ठाऊक. माझ्यासाठी कुणी तळहात सोलून घेतले, तर त्याच्यावर रागवायचं कसं?

कागद नसलेलं झाकण लावून ताईनं दोरी ओढली. मी एक ओळ गेलो, दुसरी गेलो, तिसरीही संपवली. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून आप्पांनी ओट्यावरून विचारलं, "आता मी येऊ का?"

ताईनं तोंड उघडलं. 'नको' हाच शब्द येणार ते मला माहीत होतं, गेले कित्येक महिने तोच ऐकत होतो. पण तो आला नाही. "बूट घालून या," ती म्हणाली. "चपला राहू द्या."

आप्पा आले. आधी माझ्याभोवती फेरी, मग टायर, मग त्यांचे दोन्ही हात माझ्या दांड्यांवर. मी मुद्दाम सावकाश चाललो. वळणावर त्यांचा पाय जरा अडखळला, तेव्हा ताईचा हात त्यांच्या कोपराकडे गेला आणि तिनं तो मागे घेतला. घेवडा आला की पहिली टोपली आपली, एवढं कबूल करून घेऊन भाऊ घरी गेले.

आता पाऊस आला की ताई शेडच्या गळक्या पत्र्याखालून मला बाजूला ओढते. झाकण तसंच मोकळं ठेवते. दोरी तीच ओढते, चोक आप्पा सांभाळतात. असे लोक मिळायला नशीब लागतं, मित्रांनो. तुमच्याकडे एखादं जुनं यंत्र असेल तर त्याला ताजं पेट्रोल द्या, कोरडी जागा द्या, त्याचा प्लग पुसा. आणि ज्या माणसांची तुम्हाला काळजी वाटते, त्यांना काय करावंसं वाटतं ते एकदा विचारा. मला कुणी विचारलं नाही, याचा मला मुळीच राग नाही, कारण मला बोलता येत नाही. आप्पांना तर बोलता येत होतं.