हितसंबंध

“ताई, तुम्ही जरा बाहेर,” चिटणीस म्हणाला, आणि ती उठायच्या आतच त्याने जाऊन दार उघडून धरलं.

औषधवालीने पेनाला टोपण लावलं. पर्स उचलली, पुन्हा खुर्चीवर ठेवली. कशाला न्यायची, लगेच तर परत यायचंय. बाहेरच्या बाकावर ती टेकते न टेकते तोच दार उघडलं.

“या आत. विषय तहकूब.”

“एवढ्यात?”

“कोरम मोडला ना. तुम्ही बाहेर गेलात की आत दोघंच उरतात. नियमाला तीन लागतात.”

“आणि मी आतच बसून राहिले तर?”

“तर विषय घेताच येत नाही.” दुधाचा दात का पडतो हे लहान मुलाला सांगावं, तशा समजुतीच्या सुरात चिटणीस बोलला. “रस्ता ओलांडायची सोय ज्या गल्लीसमोर व्हायची, तुमचं घर त्याच गल्लीत. म्हणजे हितसंबंध आला.”

ती आत गेली आणि पुन्हा खुर्चीत बसली. पुढचा विषय पथदिव्यांच्या रंगाचा होता. त्यावर मात्र तिला वाटेल तेवढं बोलायची मुभा होती.

रस्त्यांसाठी लोकांकडून जादा कर घ्यायचं ठरलं, तेव्हा लोकांनी अट घातली होती, की हा पैसा कुठे जातो ते आमच्यातलीच माणसं बघतील. म्हणून ही देखरेख समिती. पाच खुर्च्या. एका खुर्चीतला माणूस गाव सोडून गेला, त्याची जागा भरली नाही. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. सगळ्या गोष्टी न दुखवता करायची त्यांची सवय इतकी मुरलेली, की त्या होतच नसत. मग एक वकीलबाई, नियमांचं पुस्तक पाठ असलेली आणि त्याचाच वैताग आलेली. चौथा सदस्य निवृत्त बसड्रायव्हर. त्याचं नाव हजेरीत होतं, खुर्ची मात्र कायम रिकामी. आणि औषधवाली. तिचं दुकान चौकात. खोकल्यापासून जावयापर्यंत सगळ्या तक्रारी त्या काउंटरवर यायच्या, म्हणून गल्लीने तिलाच पुढे ढकललं होतं.

ढकललं म्हणजे काय, तिलाही जायचंच होतं. आणि एकाच कामासाठी जायचं होतं. गल्लीच्या तोंडाशी मोठा रस्ता. रस्त्याच्या मधोमध सलग दुभाजक, कुठेही फट नाही. फुटपाथ असा उंच, की चढायला घोडाच हवा. आणि रस्त्यापलीकडे, समोरच्याच इमारतीत, सासूबाईंची धाकटी बहीण.

दोघी बहिणी गॅलरीत उभ्या राहिल्या की एकमेकींना दिसायच्या. धाकटी केस विंचरतेय की नाही, हेही थोरलीला इथून कळायचं. पण सासूबाई वॉकरवर आणि धाकटीचे गुडघे गेलेले. मधून गाड्या वाहायच्या. औषधवाली गाडीतून न्यायला कधीही तयार असे. लांबवर जाऊन वळसा घ्यायचा आणि पलीकडून परत यायचं, एवढंच. सासूबाई तयार नसत.

“वरातीने बहिणीकडे जायचं होय? मला वाटलं तेव्हा जाईन, भांडण झालं तर पाच मिनिटांत उठून येईन. राग निवला की संध्याकाळी परत जाईन. तुझ्या गाडीत बसून भांडता येतं का?”

आता धाकटीचा लेक तिला वर्षअखेरीला आपल्या शहरात घेऊन जाणार होता. खोली रंगवून तयार ठेवली होती म्हणे. पालिकेचा इंजिनिअर सांगत होता, की मंजुरी मिळाली तर पंधरवड्यात दुभाजक फोडून पट्टे मारतो, दोन्हीकडे उतार करून देतो. मंजुरी मिळत नव्हती. ती न मिळण्याचं कारण औषधवाली स्वतःच होती. राजीनामा दिला तर सभाच भरायची नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

“काय गं, झाला का माझा रस्ता?” घरात पाऊल टाकताच सासूबाईंनी विचारलं.

“तहकूब.”

“पुन्हा?” त्यांनी वॉकर आपटला. “सून समितीवर आणि सासू गजाआड. नुसती एक रेघ मारायला सांगितली, तर यांच्या सभा संपेनात.”

दुसऱ्या दिवशी औषधवालीने दुकान नोकराच्या हवाली केलं आणि ड्रायव्हरकाकांचं घर शोधत गेली. ते दारातच खुर्ची टाकून बसले होते, काठी मांडीवर आडवी, आणि समोरून जाणाऱ्या बसकडे बघून मान हलवत होते.

“बघा, बघा. क्लच कसा सोडतोय ते. माझ्या हाताखाली असता तर बसमधून उतरवून घरी चालत पाठवला असता.” मग तिच्याकडे वळून, “बोला. औषध आणलंत, का नोटीस?”

“काका, तुम्ही सभेला का येत नाही?”

“येतो की. थांब्यापर्यंत येतो. पुढे येता येत नाही.”

“म्हणजे?”

“ऑफिससमोरचा थांबा आपण हलवला ना, चौकापलीकडे? समितीचा पहिलाच ठराव.”

“हो. तुम्हीच मांडला होतात.”

“मीच.” ते हसले, पण हसणं ओठांवरच राहिलं. “चौकाच्या अलीकडे थांबली की बस सिग्नलला अडकते. पलीकडे थांबली की सुटली. ड्रायव्हरचं डोकं! उतरलेला माणूस पुढे काय करतो, ते आरशात दिसतच नाही हो. आता कंबर गेली, तेव्हा दिसायला लागलं.”

तिने त्यांना आपली अडचण सांगितली. तुम्ही आलात तर मी बाहेर गेल्यावरही आत तिघं उरतात. फक्त एकदा या. मी गाडी घेऊन येते.

“गाडी नको. हयात बस चालवण्यात गेली. सभेला मोटारीतून उतरलो तर लोक म्हणतील, नवरदेव आला. बसने जाऊ.”

सभेच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. बसमध्ये त्यांनी कंडक्टरची विचारपूस केली, ब्रेकच्या आवाजाचं निदान सांगितलं. चौकापलीकडे बस थांबली आणि ते उतरले, तेव्हा मात्र बोलणं बंद झालं. समोर ऑफिस दिसत होतं, अगदी दाराशी उभा असलेला शिपाईसुद्धा दिसत होता. मध्ये गल्लीसमोर होता तसाच वाहता रस्ता. औषधवालीने एक हात वाहनांपुढे आडवा धरला, दुसऱ्या हाताचं मनगट काकांनी पकडलं. अर्ध्यावर आल्यावर त्यांची काठी अडखळली. एक बस करकचून थांबली आणि तिने लांबलचक हॉर्न मारला.

काका जागीच उभे राहिले. वळून त्यांनी ड्रायव्हरकडे पाहिलं.

“मला?” ते म्हणाले. “मला हॉर्न?”

“काका, चला. चला ना.”

पलीकडच्या फुटपाथवर आल्यावरही त्यांनी तिचं मनगट सोडलं नाही. त्यांच्या हनुवटीला कंप सुटला होता आणि तो कोणाला दिसू नये म्हणून ते ऑफिसच्या पाटीकडे बघत होते, जणू तिथे काही नवीन लिहिलंय.

आत सगळ्यांनी त्यांचं जोरात स्वागत केलं. दातांच्या डॉक्टरांनी स्वतः खुर्ची पुढे केली. विषयांचा कागद फिरला.

“ताई, तुम्ही जरा बाहेर,” चिटणीस म्हणाला.

या वेळी ती आनंदाने उठली. बाकावर बसली आणि दार उघडलं नाही. वेळ गेला तरी उघडलं नाही. आतून बोलण्याचे आवाज येत होते. मधूनच काकांचा चढलेला, मग वकीलबाईंचा त्याहून चढलेला. तिच्या शेजारी एक म्हातारं जोडपं येऊन बसलं. हयातीचा दाखला द्यायला आले होते. बाई धापा टाकत होती आणि म्हातारा तिला तिच्याच पदराने वारा घालत होता.

“रस्ता ओलांडूनच दम जातो हो,” म्हातारा औषधवालीला म्हणाला. “इथे पोचलो, हाच हयातीचा दाखला.”

ती हसली. मग तिला ते हसणं नको झालं.

दार उघडलं. आत वकीलबाई तिच्याकडे बघत नव्हती. डॉक्टरांनी घसा साफ केला.

“तुमचा विषय अजून खुलाच ठेवलाय आम्ही. काय झालंय, की काकांनी एक नवा प्रस्ताव मांडलाय. या ऑफिससमोर, थांब्यापाशी, ओलांडायची सोय. सिग्नल, पट्टे, उतार, सगळं. आणि यंदाच्या पैशात दोन्हींपैकी एकच बसतंय.”

औषधवाली काकांकडे बघत राहिली.

“रागावू नका, बाई,” काका म्हणाले. काठीच्या मुठीवरून त्यांचा अंगठा फिरत होता. “तुम्ही आणलंत म्हणून मी पोचलो. पण सगळ्यांना तुमचं मनगट कुठून आणायचं?”

“मी विरोध केलाय,” वकीलबाई एकदम म्हणाली. “यांना आणायचं हिने, आणि रस्ता घ्यायचा यांनी. हा कुठला न्याय?”

“माझं मत बरोबरी झाली तरच,” डॉक्टर घाईने म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती. “एक बाजूने, एक विरुद्ध. आता राहिलात तुम्ही. हा प्रस्ताव पडला, तर तुमच्या गल्लीचा लगेच घेऊ. तो आजच्या आज होईल, असं दिसतंय.”

“मी मत देऊ शकते?” तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. “माझ्या गल्लीबद्दल मी तोंडसुद्धा उघडू शकत नाही. आणि हा पाडला की तो होतो, तरी हा पाडू शकते?”

वकीलबाईने नियमांचं पुस्तक न उघडताच मान हलवली. “शकता. तुमचं घर या रस्त्यावर नाही ना. त्यापलीकडचा विचार यात केलेला नाही.” मग हळूच, “पाडा, ताई. नियमच सांगतोय.”

पंखा फिरत होता. औषधवालीने पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. काकांनी धरलेल्या मनगटावर बोटांच्या खुणा अजून लालसर होत्या. तिने त्यांवर दुसऱ्या हाताचा तळवा ठेवला. तिला खूप राग आला होता, पण तो ठेवायला समोर एकही माणूस सापडेना. इतक्या महिन्यांत या खोलीत पहिल्यांदाच तिला बाहेर जावंसं वाटत होतं, आणि आज कोणी तिला बाहेर जायला सांगत नव्हतं.

“अनुकूल असतील त्यांनी हात वर करा,” चिटणीस म्हणाला.

काकांचा हात वर गेला. मग तिचा.

घरी आली तेव्हा सासूबाई गॅलरीत नव्हत्या. जेवणाच्या टेबलापाशी बसल्या होत्या, केस विंचरून, चांगली साडी नेसून. तिने चपला काढल्या, जागेवर ठेवल्या, एक तिरकी होती ती सरळ केली.

“आज कोरम होता,” ती म्हणाली.

“मग?”

“रस्ता झाला मंजूर. आपला नाही. ऑफिससमोरचा.”

“आणि आपला?”

“पुढच्या वर्षी बघू म्हणाले.”

सासूबाईंनी टेबलावरच्या प्लास्टिकची घडी बोटाने सपाट केली. ती पुन्हा वर आली.

“कोणी केला तो मंजूर?”

“मी. माझ्या एका मताने, आई.” तिला वाटलं होतं, की घरी पोचेपर्यंत काहीतरी बरं वाक्य सुचेल. सुचलं नव्हतं. “नको म्हटलं असतं तर आपला झाला असता. आजच.”

औषधवाली उभीच होती. शिव्या खायला माणूस उभा राहतो तशी.

“म्हातारे येतात का तिथे बरेच?” सासूबाईंनी विचारलं.

“हो.”

“एकटे?”

“काही एकटे. काही जोडीने.”

“हं,” सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी वॉकर पुढे ओढला आणि उठताना कोपऱ्याकडे मान केली. “ती पिशवी घे. मला वाकता येत नाही.”

कोपऱ्यात प्रवासाची निळी पिशवी होती. औषधवालीने उचलली तर हात खाली गेला. चेन पुरती लागली नव्हती. आत साड्या, शाल, उशीचा अभ्रा, आणि तिच्याच दुकानातल्या गोळ्यांची पाकिटं, रबर लावून ठेवलेली.

“आई, हे काय?”

“तिचा लेक येईस्तोवर मी तिकडेच राहीन. रोज रोज ओलांडायचा म्हणून तर रस्ता लागतो ना? मी एकदाच ओलांडते. तुझ्या नवऱ्याला तू सांग. तो लगेच विचारेल, तिकडे पलंग कसला आहे.”

“ही भरली कधी?”

“काल.”

“काल? मग आज मला सभेला कशाला जाऊ दिलंत?”

“अगं, तू काकांना आणणार म्हणून किती हुरुपाने निघालीस.” सासूबाईंनी पदर सारखा केला. “म्हटलं, जाऊ दे. झालाच तर पिशवी रिकामी करायला किती वेळ लागतो?”

औषधवालीने पिशवी दाराबाहेर नेली. परत येऊन गाडीची किल्ली घेतली, गॅस बंद आहे ना ते पाहिलं, डोळे पुसले, पुन्हा एकदा गॅस पाहिला. सासूबाई तोवर उंबऱ्यापर्यंत पोचल्या होत्या.

“मावशींना फोन करू का, तुम्ही येताय म्हणून?”

“कशाला?” सासूबाई म्हणाल्या. “बहिणीकडे जातेय मी.”