मागे चालण्याचा मान

आमच्या घरात डोंगर चढायचा एक नियम होता. ज्याची चाल सगळ्यांत मंद, त्याने पुढे चालायचं आणि ज्याच्यावर सगळ्यांची भिस्त, त्याने सगळ्यांत मागे. म्हणजे कुणी मागे सुटत नाही. नियम आमच्या ह्यांचा, श्यामकांतांचा. ऑफिसात साहेबापुढे हूं की चूं न करणारा हा माणूस डोंगरात मात्र कुणाचं ऐकायचा नाही. दर डिसेंबरात मुलांना घेऊन, पाठीवर बोजे मारून आम्ही सह्याद्रीत दोन-तीन मुक्काम करायचो. पुढे मी, मध्ये चंद्रप्रकाश आणि नलिनी, मागे हे. मुलुंड कॉलनीतल्या बायका कौतुकाने विचारायच्या, "वसुधाताई, डोंगरात तुम्ही सगळ्यांच्या पुढे असता म्हणे?" मी कधी खुलासा केला नाही. फुकटचा मोठेपणा कोण सोडतो?

शहाऐंशी साली आम्ही भीमाशंकरला गेलो. चंद्रप्रकाश नुकता नोकरीला लागला होता, नलिनी कॉलेजात होती. शेवटच्या दिवशी खाली खांडसला उतरायचं, तिथून एसटीने कर्जत आणि संध्याकाळी घर, असा बेत. आदल्या दिवशी हे ओढ्यात घसरले होते. "काही नाही, बूट ओला झाला," म्हणाले आणि गुडघ्याला मफलर गुंडाळून झोपले. आम्हीही गप्प बसलो. पण लंगडणं लपतं थोडंच?

सकाळी निघताना ते नेहमीसारखे बाजूला उभे राहिले, आम्ही पुढे जायची वाट बघत. तेव्हा चंद्रप्रकाश म्हणाला, "बाबा, आज तुम्ही पुढे व्हा. मागे मी आहे."

पोरगा मायेनेच म्हणाला. दुसऱ्या कुठल्या घरात बापाला 'पुढे व्हा' म्हटलं असतं तर तो मान झाला असता. आमच्या घरात त्याचा अर्थ एकच होता, आणि तो चौघांनाही ठाऊक होता.

ह्यांनी बोज्याचा पट्टा खांद्यावर ओढला. मग "बरं" म्हणाले आणि माझ्या पुढे जाऊन उभे राहिले. 'चला, मला बढती मिळाली,' असं मी म्हणणार होते. त्यांचा चेहरा बघून जीभ आवरली.

इतक्या वर्षांत मी ह्यांना डोंगरात चालताना पाहिलंच नव्हतं. पाठीमागून आवाज तेवढा यायचा, "वसुधा, डावीकडून जा", "नलू, तो दगड हलतोय, बघ." त्या दिवशी पहिल्यांदा पाठ दिसली. मानेवरचे केस पिकलेले. बोज्याचा पट्टा खांद्यावरून घसरायचा आणि ते तो सारखा वर ढकलायचे. मला फार वाईट वाटलं.

पुढच्याने सावकाश चालायचं, ह्यातच त्या नियमाचा जीव. पण आमचे हे सुसाट सुटले. तेही उतारावर! आपण मंद नाही, हे लेकाला दाखवायचं होतं ना. "अहो, हळू!" मी ओरडले. "बाबा, काय हे, थांबा ना!" नलिनी ओरडली. ऐकतंय कोण? एका वळणाआड ते दिसेनासे झाले आणि आम्ही तिघं मागे राहिलो.

वाटेतल्या पदरवाडीच्या अलीकडे ते एका दगडावर बसलेले सापडले. गुडघा नारळाएवढा सुजला होता. चंद्रप्रकाशने त्यांचा बोजा काढला आणि स्वतःच्या छातीवर अडकवला. त्यांनी काढू दिला. पदरवाडीहून खाली दोन वाटा जातात, एक शिड्यांची आणि एक लांबची, सोपी. आम्ही कायम शिड्यांनी उतरायचो. चंद्रप्रकाश सोप्या वाटेला वळला. बाबांना विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

संध्याकाळी घरी मी आंबेहळद उगाळून त्यांच्या गुडघ्याला लावत होते. हे म्हणाले, "आज खांडसला पोचल्यावर मी त्याला सांगणार होतो."

"काय?"

"पुढच्या वर्षीपासून मागे तू चाल म्हणून. ओढ्यात घसरलो तेव्हाच ठरवलं होतं. खांडसला चहा पिताना, तुम्हा दोघींच्या समोर सांगणार होतो."

"मग आता सांगा की! बिघडलं काय?"

"अगं, आता काय सांगू? मागची जागा त्याने आधीच घेतली की. चुकीचंही काही केलं नाही त्याने. नियमाने वागला."

माझ्या पोटात काही राहत नाही. चंद्रप्रकाश बाहेर गॅलरीत बूट झटकत होता. मी जाऊन त्याला सगळं सांगितलं. त्याने बूट खाली टाकला. "आई शप्पथ! अगं, मला वाटलं त्यांना त्रास होतोय..." म्हणाला आणि तसाच आत आला.

"बाबा, सॉरी. मी सकाळी काही बोललोच नाही असं समजा. तुम्ही सांगा ना मला. आत्ता सांगा."

"कशाला रे? चांगला चाललास की. नलूचा हात धरलास, वाट चुकला नाहीस."

"तसं नाही बाबा. तुम्ही म्हणायला पाहिजे."

त्यांनी खरंच प्रयत्न केला. मी समोरच होते. "पुढच्या वर्षीपासून..." एवढं म्हणाले आणि अडकले. परत सुरुवात केली, परत तिथेच अडकले. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "नाही जमत रे. माझ्याजवळ आता आहे काय तुला द्यायला?"

एवढा मोठा घोडा, नोकरीला लागलेला, बापाच्या पायाशी बसून रडला. हे त्याला थोपटत राहिले. मला दोघांचा रागही आला आणि दोघांची कीवही. रागावायचं कुणावर, तेच कळेना.

ह्यांचा गुडघा होळीच्या आतच ठणठणीत झाला. मग रोज सकाळी कॉलनीमागच्या डोंगरावर जायला लागले, एकटेच. पुढच्या डिसेंबरात चंद्रप्रकाशने विचारलं, नलिनीने विचारलं, मी तर भांडून बघितलं. "तुम्ही जाऊन या," म्हणाले. आमच्याबरोबर ते पुन्हा कधी आले नाहीत.