न फुटलेला पेला

मित्रांनो, मी एक जुना काचेचा पेला आहे आणि या क्षणी मी हवेत आहे. घाबरू नका! खाली पोचायला अजून अवकाश आहे. उंचावरून पडताना वेळ किती रेंगाळतो, हे तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही पडलात की लगेच भोकाड पसरता. मी मात्र पडता पडता तुम्हाला माझी सगळी गोष्ट सांगणार आहे.

माझा जन्म जर्मनीतल्या एका डोंगराळ खेड्यातला. एका काचकामगाराने गाल फुगवून नळीतून फुंकर घातली आणि मी झालो! माझ्या पोटावर द्राक्षाचा वेल कोरलेला आहे. आम्ही सहा भाऊ होतो. माझी मालकीण मिनाआई, तिच्या लग्नात तिच्या आईने आम्हाला गवतात गुंडाळून तिच्या पेटीत घातलं. तिचा नवरा लेओनहार्ट हा सुतार, घरांची छपरं उभारणारा. पण त्याच्या गावात सगळ्यांच्या डोक्यावर आधीच छप्पर होतं. मग त्याने करायचं काय? दोघं जहाजात बसली आणि टेक्सासला निघाली.

जहाज सत्तावन्न दिवस हललं. माझे पाच भाऊ पेटीतच फुटले. मिनाआईने त्यांचे तुकडे एप्रनात गोळा करून समुद्राला दिले आणि मला म्हणाली, “उरलास बाबा तू.” तेव्हापासून मी उरतोच आहे.

टेक्सासच्या टेकड्यांमध्ये आमच्याच मुलखातून आलेल्या माणसांचं एक गाव वसत होतं. लेओनहार्टला पहिलं काम मिळालं ते आन्सगार पाववाल्याच्या घराचं. आमच्या लोकांत रीत अशी, की शेवटची तुळई बसली की सुताराने एक झाडाची फांदी घेऊन आढ्यावर चढायचं, घराला आशीर्वाद देणारं कवन म्हणायचं, पेलाभर वाइन प्यायची आणि पेला खाली भिरकावायचा. खळ्ळकन फुटला की घर सुखाचं. नाही फुटला तर काय, ते कोणी मोठ्याने बोलत नाही.

लेओनहार्टने मला निवडलं. केवढी छाती फुगली होती माझी! त्याने कवन म्हटलं, वाइन प्यायला आणि जन्मगावी पेला टाकायचा तस्सं मला भिरकावलं. पण त्याच्या जन्मगावी खाली दगडी फरशी असायची. इथे आन्सगारचा भाऊ शेतातून थेट सोहळा बघायला आला होता आणि त्याची कापसाने भरलेली गाडी घराला टेकून उभी होती.

मी कापसात पडलो. मऊ! इतकं मऊ, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“अगं बाई, फुटला नाही?” पाववाल्याची बायको वाल्बुर्गा ओरडली.

“पुन्हा टाका की!” कोणीतरी म्हणालं.

“पेला दोनदा टाकत नसतात,” लोहारबुवा पुटपुटले आणि त्यांनी टोपी काढली, जणू कोणी वारलंच आहे.

त्या दिवसापासून वाल्बुर्गाच्या तोंडी मीच! दूध नासलं? पेला! नवऱ्याची दाढ ठणकते? तो पेला! कोंबडी खुडूक बसली? अहो, तो मेला पेला! हे सगळं लेओनहार्टच्या कानावर जायचं. कोणी त्याला घर बांधायला बोलावेना. तो पाळणे, दारं आणि शवपेट्या करत राहिला. पुढे पाचसहा वर्षांनी खुद्द लोहारबुवा दारात आले. म्हणाले, “सुतारदादा, झालं गेलं विसरा. माझं आढं तुम्हीच चढवा.”

“माझ्या हाताला यश नाही,” लेओनहार्ट म्हणाला. “दुसरा बघा.”

आणि त्याचं स्वतःचं घर? त्याच्या तुळया त्याने पहिल्याच वर्षी कापल्या होत्या. खाचा पाडून, प्रत्येकीवर आकडा कोरून अंगणात रचून ठेवल्या होत्या. वीस वर्षं ते घर अंगणात आडवं निजून राहिलं! ओंडक्यांच्या दोन खोल्यांत तिघं राहायची. मिनाआईच्या उशाशी गळायचं. लेक टेक्ला त्या निजलेल्या घरावर चढून खेळायची आणि म्हणायची, “ही माझी खोली. हळू बोला, ती झोपलीय.”

मला मात्र फार जपलं हं. मिनाआई माझ्या काठाने बिस्किटं कापायची. वसंतात माझ्यात पीचची फुलं ठेवायची. टेक्लाला ताप आला तेव्हा तिला घोट घोट पाणी मीच पाजलं. संध्याकाळचं ऊन माझ्या पोटातून भिंतीवर सांडायचं, तिथे वेलाची सोनेरी सावली डुलायची आणि टेक्ला ती मुठीत धरू बघायची. मी सुखी होतो. तरी झोपेत माझे पाच भाऊ लाटांखालून विचारायचे, “तू कधी येतोस?”

टेक्ला अठरा वर्षांची झाली. एका सकाळी तिने जाहीर केलं, “बाबा, मी सगळ्यांना बोलावलंय. शनिवारी घर उभं राहतंय.”

“कुणाला विचारून?”

“घराला. ते म्हणालं, पाठ अवघडली.”

शनिवारी लोहारबुवा आले, आन्सगार आपल्या पाच धिप्पाड मुलांना घेऊन आला. आकड्याला आकडा जुळला, खाचेत तुळई बसली आणि निजलेलं घर उठून उभं राहिलं! लेओनहार्ट मात्र पडवीत बसून एक गुळगुळीत फळी रंधत होता. दुपारी आढं चढलं, फांदी बांधून झाली. आता कवन कोण म्हणणार?

“काय सुतारदादा,” वाल्बुर्गा म्हणाली, “स्वतःच्याच घराला भ्यालात होय?”

“तुमच्या तोंडाला भ्यालोय, वहिनी. वीस वर्षं.”

वाल्बुर्गा लालेलाल झाली. “माझं तोंड! अहो, त्या घरात माझी पाच पोरं बैलासारखी वाढली, एक वासा हलला नाही. ते सांगायला मेलं तोंड उघडलं नाही माझं. आता सांगते. ऐकताय ना?”

रंधा थांबला.

तेवढ्यात मिनाआई मला एप्रनात गुंडाळून घेऊन आली.

“हा नको,” लेओनहार्ट म्हणाला. “तुझ्या आईची एवढी एकच खूण उरलीय.”

“माझ्या डोक्यावर गळतंय आणि हा कपाटात कोरडा बसलाय,” ती म्हणाली. “घ्या.” पण मला सोडताना तिचा अंगठा वेलावरून एकदा फिरला. मला कळलं.

लेओनहार्ट शिडी चढला. मी त्याच्या खिशात होतो ना! वर जाऊन त्याने खाली पाहिलं आणि ओरडला, “हा चपटा दगड इथे कुणी ठेवला? ही लबाडी आहे!”

“लबाडी कसली, बाबा?” खालून टेक्ला म्हणाली. “तुमच्या गावी अंगणात फरशी होती ना? आजपासून आपल्याही अंगणात आहे.”

तो हसला. आढ्यावर बसून पोट धरून हसला! मग कवन म्हणू लागला आणि मध्येच विसरला, तर अख्ख्या गावाने खालून पुढची ओळ सांगितली. रानद्राक्षांची वाइन प्यायला, “हे घर माझ्या मिनाला,” म्हणाला, आणि...

आणि मी हवेत आहे, मित्रांनो. वासे वर चाललेत. माझ्यातून ऊन सांडतंय आणि वेलाची सावली नव्या घरावरून धावतेय. ती बघा, टेक्लाने मूठ पुढे केली! मिनाआईने एक डोळा मिटलाय, दुसरा उघडाच आहे.

तुमच्याही कपाटात कोणी नुसतं जपून ठेवलेलं असेल. त्याला एकदा बाहेर काढा, हातात घ्या, आणि ते कशासाठी जन्मलं होतं ते विचारा. धूळ पुसण्याइतकंच हेही जपणं आहे.

दगड जवळ आला. किती पांढरा आहे! आज या अंगणात अनवाणी खेळू नका हं. आणि आता जरा गप्प बसा, माझा आवाज मला ऐकायचाय.