दिवाणात ठेवलेली मशीन

मी संपतरावांची मशीन बोलतेय. न्हावऱ्यात मला कुणी घोरायची मशीन म्हणतं, कुणी ऑक्सिजनची. संपतरावांची आई गिताबाई तर माझं नावच घेत नाही, नुसतं ‘ते’ म्हणते. कागदावरचं माझं नाव सीपॅप. त्या नावानं मला आजवर फक्त दौंडच्या डॉक्टर मॅडमनी हाक मारली.

पहिल्यांदा एक सांगून टाकते. माझ्यात ऑक्सिजनबिक्सिजन काही नाही. खोलीतली साधी हवाच मी आत ओढते, गाळते आणि नळीतून, नाकावरच्या मास्कमधून जरा दाबानं सोडते. काही माणसांचा घसा झोपेत मिटतो, तो माझ्यामुळे उघडा राहतो. आकारानं मी जेवणाच्या डब्याएवढी. आवाज इतका कमी की पंखा लावला तर मी असून नसल्यासारखी. एवढ्याशा माझ्यावरून एका घरात काय काय घडलं, ते तुम्हाला सांगायचंय.

कुठल्या कारखान्यात माझा जन्म झाला ते मला धड आठवत नाही. खोक्यातला अंधार आठवतो आणि मग एकदम दौंडच्या दवाखान्यातलं काचेचं कपाट. समोर पेशंट बसायचे. माझ्याकडे आणि माझ्या मास्ककडे बघून काही जण खुर्ची जरा पलीकडे ओढायचे. मला राग यायचा, पण करणार काय?

तिथंच संपतराव आले. रुंद छाती, आखूड मान, गावोगावचं दूध गोळा करून पिकअपनं डेअरीला पोचवणारा माणूस. बरोबर बायको पूनम आणि शिरूरला राहून फार्मसी शिकणारी मुलगी अंकिता. नंबर लागायच्या आत संपतराव खुर्चीतच झोपले. घोरणं असं की कंपाउंडरनं आत येऊन बघितलं. डॉक्टर मॅडम केबिनच्या दारात उभ्या राहिल्या आणि बराच वेळ त्यांच्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

“ह्यांची सगळ्या डॉक्टरांकडं वारी झाली मॅडम,” पूनमताई म्हणाली. “एकानं टॉनिक दिलं. एकानं बीपीची गोळी वाढवली. एकाला सांगितलं, सकाळी डोकं जड असतं, झोप लागल्यागत वाटत न्हाई, तर त्यानं झोपंची गोळी दिली. त्या गोळीनं तर सकाळी उठंनातच. हलवून हलवून उठवलं मी.”

“आई, तू व्हिडिओ दाखव ना,” अंकिता म्हणाली आणि तिनंच फोन पुढे केला. बाप दुपारी आडवा झालेला असताना तिनं तो काढला होता. घोरणं, मग काहीच नाही, छाती नुसती वरखाली धडपडतेय, आणि मग एकदम बुडणारा माणूस पाण्याबाहेर यावा तसा आवाज.

संपतराव जागे झाले होते. ते लाजून हसले. “आमच्यात सगळेच घोरतात मॅडम. आमची आई म्हणती, मेंढरं घेऊन फिरायचो तवा आज्या वाड्यावर झोपला की लांडगं जवळ फिरकत नसं.”

“आजोबा कशानं गेले?”

“ते? ते झोपंतच गेले. कुणाला तरास न्हाई, काय न्हाई. चुलतं बी तसंच. पुण्यवान माणसं.”

मॅडमच्या हातातलं पेन थांबलं. एका घरातली दोन माणसं झोपेत जातात आणि घर त्यांना पुण्यवान म्हणून मोकळं होतं. त्या माणसांच्या नाकाला कधी एखादी नळीसुद्धा लागली नव्हती.

मग एक रात्र झोपेत तपासणी झाली. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाखाली बारीक नळी. मॅडमनी तिघांना समोर बसवून सांगितलं, “संपतराव आळशी नाहीत. झोपेत त्यांचा श्वास पुन्हा पुन्हा थांबतो, आणि मेंदू त्यांना पुन्हा पुन्हा उठवतो. ते झोपतच नाहीत म्हणा ना. मी सांगेपर्यंत गाडी चालवायची नाही. आणि ही मशीन रोज लावायची, दुपारी डोळा लागला तरी. कंटाळा आला, कुणी काही बोललं, तरी लावायची.”

आळशी नाहीत म्हटल्यावर संपतरावांनी मान खाली घातली. डोळे पुसले. सगळ्या गावानं त्यांना झोपाळू म्हणून चिडवलं होतं, देवळात ओव्या चालू असताना त्यांच्या डोक्यावर भंडारा टाकून हसले होते. त्यांना स्वतःलाही तेच खरं वाटायला लागलं होतं. त्या दिवशी काचेच्या कपाटातून मला बाहेर काढलं आणि मी न्हावऱ्याला आले.

पहिले काही दिवस त्रासाचे गेले. मास्क टोचायचा, नळी अंगाखाली यायची. मग त्यांना माझी सवय झाली. एके सकाळी ते उठले आणि अंथरुणावरच बसून राहिले. पूनमताई घाबरली.

“काय झालं वो?”

“काय न्हाई. डोकं हलकं वाटतंय. असं असतं व्हय सकाळी माणसाला?”

मला त्या सकाळची आठवण आली की अजून भरून येतं. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला झोप म्हणजे काय ते तेव्हा कळलं होतं. त्यानंतर ताटावर डुलकी लागणं बंद झालं. बायकोशी बोलताना ते वाक्य पुरं करायला लागले. पूनमताई मला पुसताना म्हणायची, “सवत आणली बाई मी घरात, पण गुणाची हाय.” मीही मनातल्या मनात मिरवून घ्यायची. आणखी थोडे दिवस गेले की गाडीही चालवता येईल असं मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या.

मग गिताबाईनं मला पाहिलं. तोवर ती दुसऱ्या खोलीत असायची. एका दुपारी चहा घेऊन आली, तर मुलगा मास्क लावून झोपलेला. तिच्या हातातली कपबशी खाली पडली आणि ती दारातच मटकन बसली.

संपतरावांचा थोरला भाऊ बिरदेव कोरोनात गेला होता. दवाखान्यातून शेवटचा फोटो आला तो असाच, नाकातोंडावर मास्क. गिताबाईसाठी मास्कचा अर्थ तेवढाच होता. “काढ ते त्याच्या तोंडावरचं! एक दिला न् मी!” ती ओरडत होती. संपतराव उठले, तिला जवळ घेतलं, समजावलं. पण तिचं ओरडणं शेजारी गेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून माणसं भेटायला येऊ लागली. हातात नारळ, बिस्किटाचे पुडे. संपतराव खुर्चीत धडधाकट बसलेले आणि लोक त्यांच्याशी हळू आवाजात बोलायचे. “ऑक्सिजन लागतो म्हणं?” “जपा आता.” “पोरीचं तेवढं उरकून घ्या.” आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जाण्याची मोठी हौस. आजार काय आहे हे विचारायची मात्र कुणालाच गरज वाटत नाही.

आणि पोरीचं खरोखरच जमत आलं होतं. कासुर्डीचे पोपटराव, त्यांचा मुलगा साई कंपनीत सुपरवायझर. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत होती. मध्यस्थ होते पूनमताईचे मामा, मच्छिंद्र. ते चपला न काढता दारातच बोलले.

“पाव्हण्यांच्या कानावर ऑक्सिजनचं गेलं तर संपलं. बाप असा म्हणल्यावर आजार घराण्यात हाय म्हणत्याल. लग्न होईस्तोवर त्ये मशीन दिसाय नको.”

“लपवायचं कशापायी?” पूनमताई म्हणाली. “मी सांगते त्यांला खरं काय ते.”

“आन् ते न्हाई म्हणले तर? पोरीला काय सांगशील?”

संपतराव उठले, माझी वायर काढली, नळी गुंडाळली, मास्क धुवून कोरडा केला. इतक्या जपून की मला वाटलं, कुठं गावाला न्यायचंय. बैठकीच्या खोलीतला दिवाण उचलून त्यांनी मला खालच्या पेटीत, जुन्या रजयांच्या मध्ये ठेवलं. “अंकिताला म्हणायचं, डॉक्टरनीच बंद केली, परत दिली. तिला कळलं तर ती लग्नच मोडंल,” ते म्हणाले. फळी खाली आली.

संपतराव त्याच दिवाणावर झोपायचे. मी खाली, ते वर. मध्ये एक प्लायवूडची फळी.

तुम्हाला काय सांगू? ज्या माणसासाठी मला आणलं, त्याचा श्वास अडकलेला मी रोज ऐकत होते. घोरणं थांबायचं. मी वाट बघायची. पुन्हा तो धडपडता आवाज आला की मला सुटल्यासारखं वाटायचं. मला हात नाहीत, मला फळी उचलता येत नाही. वीज जोडल्याशिवाय मला साधी फुंकरही घालता येत नाही.

मॅडमचे फोन यायचे. “मशीन वापरताय ना?” संपतराव म्हणायचे, “वापरतो की मॅडम.” त्यांच्या वाक्यांची टोकं पुन्हा गळायला लागली होती.

बैठकीला पोपटराव आले, माझ्या डोक्यावरच बसले. जेवणं झाली, बोलणी चालू होती आणि बोलता बोलता संपतरावांचा डोळा लागला. घोरणं, थांबणं, मग तो आवाज.

“पाव्हणं, तब्येत बरी हाय ना यांची?” पोपटरावांनी विचारलं. आवाजात काळजी होती, खोट नव्हती. मला खालून कळत होतं. पूनमताईला सांगायचं होतं. तिच्या बांगड्या वाजल्या, ती पुढे आली. तेवढ्यात मच्छिंद्रमामा म्हणाले, “लाइट रातची असती ना शेतीला. पाणी धरून धरून दमतो गडी.” पोपटराव हसले. बैठक पुढे सरकली. पूनमताई ताटं उचलायला लागली.

लग्न छान झालं म्हणे. वरात, बँड, सगळं. मी रजयांत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मांडववाले बाहेर बांबू सोडत होते, घरात उरलेली बुंदी डब्यात भरणं चाललं होतं. संपतराव आत आले. चालणं जड होतं, पण आवाज हलका.

“जरा पाठ टेकतो.”

“मशीन काढू का?” पूनमताईनं विचारलं. “आता तर कुणाला भ्यायचं न्हाई.”

“राहू दे आत्ता. दिवाणावर आहेराच्या साड्या पसरल्यात सगळ्या. रातच्याला लावतो. आजपासनं रोज लावतो, बघ तू.”

साड्या जरा बाजूला सारून ते कडेलाच आडवे झाले. घोरणं सुरू झालं. बाहेर बांबू पडण्याचे आवाज. मग घोरणं थांबलं.

मी वाट बघितली. नेहमीसारखीच वाट बघितली. आता येईल तो आवाज, आता येईल. बाहेर कुणी तरी हसलं. ट्रकमध्ये गाद्या फेकल्या गेल्या. पूनमताई साड्यांच्या घड्या करायला आत आली. झोपलेत म्हणून आवाज न करता घड्या करत राहिली. शेवटची साडी त्यांच्या पायाखाली अडकली होती. ती ओढली तेव्हा तिला त्यांचा पाय लागला.

पुढचं मला सांगवत नाही.

दहाव्याला माणसं आली. त्यांना अंथरायला रजया हव्यात म्हणून साईनं दिवाण उचलला आणि मी उजेडात आले. अंकितानं मला पाहिलं. तिला काही कळेना. “ही अजून इथंच? परत दिली ना दवाखान्यात?”

पूनमताईनं सांगितलं, एकाही शब्दाची काटछाट न करता. अंकितानं मास्क दोन्ही हातांत धरला होता. “माझ्या लग्नासाठी?” ती म्हणाली. “आई, पप्पांना मीच घेऊन गेले होते ना दौंडला.” मग ती इतकी रडली की गिताबाईसुद्धा आपलं रडणं विसरून तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

पोपटराव कोपऱ्यात उभे होते. ते पुढे आले, माझ्याकडे वाकून पाहिलं. “एवढंच व्हतं?” ते म्हणाले. “आवो वहिनी, चष्म्यागत हाय की हे. चष्मेवाल्याची पोरगी कुणी नाकारतं का? नुसतं बोलला असता तर मी सवता लावून दिली असती त्यांच्या नाकाला.”

त्यांनी हे मायेनं म्हटलं. पण पूनमताईला ते लागायचं तिथंच लागलं.

आता मी बैठकीच्या खोलीत, टीव्हीशेजारी असते. दवाखान्यात परत द्यायला पूनमताई तयार नाही. येणाराजाणारा विचारतो, हे काय? ती सांगते, “आमच्या ह्यांची मशीन. लावायची राहिली.”

परवा शेजारची धुरपदा आली होती. चहा पिता पिता म्हणाली, “आमचं मालक बी असंच घोरतात बाई. मधीमधी गप होतात, तेवढीच घराला शांतता.”

पूनमताईनं कप खाली ठेवला. “दौंडला ने त्यांना. उद्याच ने. मी येते संगं.”

“आत्ता नगं गं. थोरल्याची बोलणी चाललीत. कुणी काय म्हणायला नको. दिवाळीनंतर बघू.”

पूनमताईनं तिचा हात धरला आणि तिला दिवाणावर बसवलं. “बस. तुला सांगते,” ती म्हणाली, आणि पहिल्यापासून सगळं सांगायला लागली. सांगताना प्रत्येक वेळी ती तिथंच अडखळते, साडी ओढली त्या ठिकाणी. तरी सांगते. धुरपदा ऐकत होती. ती दौंडला जाईल की नाही, मला माहीत नाही.

तुमचाही आता निरोप घेते. माझ्यासारखी एखादी मशीन तुमच्या घरात असेल, तर तिला उशाशीच राहू द्या. पाहुणे आले, सोयरे आले, गावानं काय वाटेल ते म्हटलं, तरी तिला फळीखाली ठेवू नका. आम्हाला खालून सगळं ऐकू येतं हो.