राजाबाईच्या ओटीतला जंप स्टार्टर

माझ्याकडे पाहून पुष्कळांना वाटते की ही मोबाइलची जाडजूड पॉवर बँक असावी. तसे नाही, मित्रांनो. बॅटरी बसलेल्या मोटरसायकलला पुन्हा उठवणारा मी जंप स्टार्टर आहे, आणि आता बराच जुना झालो आहे. माझ्या कडा घासल्या आहेत. लाल चिमट्याचे प्लास्टिक एका बाजूला चिरले आहे. तरीही मी रोज कामावर जातो, आणि माझ्या वाट्याला जी माणसे आली त्यांची आठवण काढत दिवस घालवतो.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. ते ज्या खोक्यावर छापले होते ते खोके पहिल्याच आठवड्यात रद्दीत गेले. मला आठवते ते उल्हासनगरच्या बाजारातले एक अरुंद दुकान. तिथे मी हेडलाइट आणि आरशांच्या मागे, फळीवर कित्येक महिने पडून होतो. गिऱ्हाईक मला हातात घेई, उलटेपालटे करी आणि परत ठेवी. माझा उपयोग काय हेच कुणाच्या लक्षात येत नसे.

एका रविवारी शीला आणि तिचा नवरा बुद्धभूषण दुकानात आले. दुकानदार शेठने मला फळीवरून काढले, बाहीने धूळ पुसली आणि म्हणाला, "साईं, ये लेके जाओ. गाडी क्या, नसीब भी चालू हो जायेगा!"

"नसीब राहू द्या, शेठ," शीला म्हणाली. "गाडी चालू होते का तेवढं आत्ता इथे दाखवा."

शेठने दुकानापुढे उभ्या असलेल्या एका बंद गाडीला माझे चिमटे लावले. मी माझ्या आयुष्यातला पहिला जोर लावला. गाडी फुरफुरून सुरू झाली. शीलाने तिथल्या तिथे मला पिशवीत टाकले.

मला एवढ्या आवर्जून का घेतले ते मी घरी गेल्यावर ऐकले. बुद्धभूषण एका लॅबसाठी लोकांच्या घरी जाऊन रक्ताचे नमुने घेतो. सकाळी उजाडताना तो विठ्ठलवाडीच्या घरून निघतो आणि अंबरनाथ, कात्रप करत चामटोलीपर्यंत जातो. मागच्या सीटवर बर्फाच्या पिशव्या घातलेला डबा बांधलेला असतो. त्या डब्यातल्या नळ्या ठरल्या वेळेत अंबरनाथच्या लॅबला पोचाव्या लागतात. त्याच्या गाडीला, आजकालच्या पुष्कळ गाड्यांसारखी, किकच नाही. बटण दाबले आणि बॅटरीने दगा दिला की संपले.

एका एप्रिलमध्ये चामटोलीहून परतताना नेमके तेच झाले. बुद्धभूषणने भर उन्हात दोन किलोमीटर गाडी ढकलली. लॅबला पोचेपर्यंत बर्फाचे पाणी झाले होते आणि नमुने वाया गेले होते. त्यात राजाबाईचा नमुना होता. राजाबाई चामटोलीची, शेतावरच्या घरात राहणारी. तिला साखरेचा आजार, हाताच्या शिरा बारीक, सुई एका फटक्यात कधी लागायची नाही. दुसऱ्या दिवशी बुद्धभूषण पुन्हा तिच्या दारात उभा राहिला.

"काल नेलंस त्या रगताचा काय केलास रं बाबा?" तिने विचारले.

"गाडी बंद पडली, मावशी. चूक माझी आहे."

राजाबाईने हात पुढे केला. "गाडी तुझी बंद पडली, नि सुई माझ्या हाताला व्हय?"

ती हसतच बोलली होती. पण त्या दिवशी बुद्धभूषणला तीनदा सुई टोचावी लागली आणि घरी आल्यावर त्याला जेवण गेले नाही. ते पाहून शीलाने त्याला त्या रविवारी बाजारात नेले होते. कुणा म्हाताऱ्या माणसाला दोनदा टोचावे लागू नये, एवढ्यासाठी मला घरात आणले गेले. यापेक्षा चांगले कारण घेऊन कोणतीही वस्तू कुणाच्या घरात शिरत असेल असे मला वाटत नाही.

त्यानंतरची दोन वर्षे माझी भरभराटीची होती. दर रविवारी शीला मला चार्जिंगला लावी. माझ्या पोटावरचे चार हिरवे दिवे लागले की पुसून पिशवीत ठेवी. थंडीत बदलापूरकडची सकाळ चांगलीच बोचरी असते, आणि जुनी बॅटरी थंडीत हटकून रुसते. त्या महिन्यांत मी बुद्धभूषणच्या गाडीला किती वेळा उठवले त्याची मोजदाद नाही. शिवाय वाटेत कुणाची गाडी बंद पडलेली दिसली की बुद्धभूषण थांबलाच.

विठ्ठलवाडीच्या डेपोबाहेर एकदा सुरुची नावाची कंडक्टर ताई स्कूटरचे बटण दाबून दाबून रडकुंडीला आली होती. आईला दवाखान्यात सोडायचे होते आणि ड्यूटीची वेळ भरत आली होती. माझे काम अर्ध्या मिनिटाचे. ती निघून गेली आणि वळणावरून परत फिरून आली, कारण घाईत 'थँक्यू' म्हणायचे राहून गेले होते!

अंबरनाथचे चिंतामणी काका तर मला जन्मभर आठवतील. कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. बुद्धभूषण त्यांचे रक्त घ्यायला गेला, तर हे इमारतीखाली बंद गाडीजवळ उभे. त्याने चिमटे काढताच त्यांनी हात आडवा धरला.

"थांबा. माहितीपत्रक आहे का याचं?"

"आहे काका, पण दोन मिनिटांचं काम आहे..."

"दोन मिनिटांच्याच कामात माणसं हात भाजून घेतात. द्या इकडे."

त्यांनी चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळे वाचले. लाल चिमटा अधिक खुणेला, काळा वजा खुणेला, एकमेकांना चिकटवू नये, उन्हात ठेवू नये, तीन महिन्यांतून एकदा तरी चार्ज करावे. शेवटची ओळ त्यांनी बुद्धभूषणला मोठ्याने वाचून दाखवली. तो "हो काका, हो काका" म्हणाला. गाडी सुरू झाल्यावर काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली, जणू मी त्यांच्या हाताखालचा कामगार होतो. मला फार बरे वाटले.

पण सुखाचे दिवस वस्तूंच्याही नशिबी कायमचे नसतात, मित्रांनो. पुढे बुद्धभूषणने गाडीला नवी बॅटरी बसवली. गाडी बटण दाबताच सुरू होऊ लागली आणि माझी गरज उरली नाही. त्याच सुमारास शीलाला एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळाले आणि तिचा रविवार कपडे-धान्य-साफसफाईत जाऊ लागला. मी गाडीच्या पिशवीत तळाला गेलो. माझ्यावर रेनकोट आला, रेनकोटवर हातमोज्यांचे खोके आले. उन्हाळ्यात पिशवी तापे तेव्हा माझा जीव घाबरा होई. कुणी न वापरताही माझ्यातली शक्ती थेंबाथेंबाने गळत होती. चारचे तीन दिवे झाले, तिनाचे दोन.

"अहो, त्या डबीला चार्जिंगला लावलंत का कधी?" शीला मधूनच विचारी.

"लावतो गं. लागतेय कुठे आता ती?"

असे पाऊण वर्ष गेले. पुढचे दोन हिवाळेही मी असाच पडून काढले, मधे कधीतरी एकदा चार्जर लागला तेवढाच. नवी बॅटरीही एव्हाना नवी राहिली नव्हती.

डिसेंबरातली ती सकाळ. बुद्धभूषण राजाबाईच्या शेतावरच्या घरी आला तेव्हा फोनवर लॅबशी बोलत होता. त्याने हँडलवरचे लाल बटण दाबून इंजिन बंद केले आणि बोलत बोलत आत गेला. चावी तशीच राहिली. पुढचा दिवा जळत राहिला.

थंडीने राजाबाईच्या शिरा आणखीच आखडल्या होत्या. बुद्धभूषणने घाई केली नाही. गरम पाण्याची पिशवी तिच्या हातावर ठेवून तो गप्पा मारत बसला. अर्ध्या तासाने शीर वर आली आणि सुई एकदाच लागली. राजाबाई खूश झाली. सून कीर्तीने चहा टाकला. तेवढ्यात राजाबाईचे यजमान दौलतराव मळ्यातून आले. वांगी तोडायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने आला आणि दारातच खाली बसला. कपाळावर घामाच्या धारा, एक हात छातीवर.

"काय झालं वं?" राजाबाई ओरडली.

"छातीवं दगड ठेवल्यावानी झालंय."

बुद्धभूषणने दौलतरावांची नाडी पाहिली आणि त्याचा चेहरा बदलला. कीर्तीने रुग्णवाहिकेला फोन लावला. गाडी दुसऱ्या रुग्णाला सोडून येणार होती, पाऊण तास तरी लागणार होता. घरची मोटरसायकल मुलगा महेश पहाटेच कामावर घेऊन गेला होता. गाव तिथून लांब.

"मी नेतो. वहिनी, तुम्ही मागे बसून काकांना धरा," बुद्धभूषण म्हणाला आणि गाडीकडे धावला.

दिवा विझलेला होता. चावी फिरवलेलीच. लाल बटण परत वर केले, स्टार्टरचे बटण दाबले, तर हूं की चूं नाही.  मग त्याने पिशवी जमिनीवर उपडी केली. हातमोजे, रेनकोट, सगळ्यात शेवटी मी. त्याने माझे बटण दाबले आणि माझा एकच दिवा लागला. तोही लुकलुकत होता.

त्या वेळी मला किती लाज वाटली ते कसे सांगू? चूक माझी नव्हती, हे खरे. पण दारात एक माणूस छाती धरून बसला होता आणि माझ्याकडे गाडीला फिरवण्याइतका जोर नव्हता. बुद्धभूषणने चिमटे लावले. मी होते नव्हते ते दिले. मीटरवर उजेड आला, पेट्रोलचा पंप गुणगुणला, पण इंजिन हलले नाही.

"पंप चालतोय!" बुद्धभूषण ओरडला. "ढकला! इंजिन ढकलून फिरवू, एवढा करंट तिला पुरेल!"

कीर्तीने मला तळहातावर घेतले, कारण माझ्या तारा बॅटरीला लागलेल्या होत्या आणि त्या सुटून चालणार नव्हत्या. शेजारच्या मळ्यातून बबन, त्याची बायको आणि भाजी तोडणाऱ्या दोन बाया धावत आल्या. राजाबाईनेही पदर खोचला आणि मघाशीच सुई टोचलेला हात गाडीला लावला. बुद्धभूषणने दुसरा गिअर टाकला. कीर्ती गाडीच्या बाजूने मला धरून अनवाणी धावत होती. पहिल्यांदा गाडीने नुसता आचका दिला.

"आजून एकदा!" राजाबाई म्हणाली. "लावा रं जोर!"

बांधाच्या उतारावर दुसऱ्यांदा क्लच सुटला आणि इंजिन धडधडले. तो आवाज मी हजारदा ऐकला असेन, पण त्या दिवशीसारखा कधीच नाही. बुद्धभूषणने माझे चिमटे ओढून काढले आणि मागच्या सीटवरचा डबा सोडून पुढे टाकीवर घेतला. बबनने दौलतरावांना उचलून मध्ये बसवले. मागे कीर्ती बसली, सासऱ्यांना दोन्ही हातांनी कवळून. गाडी बदलापूरच्या रस्त्याला लागली.

कीर्तीने जाताना मला सोपवले आणि मी राजाबाईच्या हातात राहिलो. तिने मला खाली ठेवले नाही. ओसरीवर बसून तिने मला ओटीत घेतले आणि वर पदर झाकला. बबनची बायको म्हणाली, "मावशी, ती डबी ठेव की खाली."

"ऱ्हाऊ दे," राजाबाई म्हणाली. "तिच्यात आजून धुगधुगी हाय."

खरे तर माझ्यात काहीच उरले नव्हते. पण ती माझ्यावरून हात फिरवत राहिली आणि मी निमूट पडून राहिलो. दुपारी फोन वाजला. पलीकडून कीर्ती बोलत होती. "आई, बाबा बरे हायेत. डॉक्टर बोलले, येळेवर आणलात."  राजाबाईच्या डोळ्यांतले पाणी माझ्यावर पडले. शेठच्या दुकानापासून आजवर मला पुष्कळ शाबासकी मिळाली होती, पण ती चिमट्यांना, तारांना, करंटला होती. हे वेगळे होते. त्यातला मोठा वाटा ढकलणाऱ्या हातांचा होता हे मला ठाऊक आहे, आणि त्या सगळ्या हातांचा मी ऋणी आहे.

बुद्धभूषणने दौलतरावांना सोडून राजाबाईची नळीही वेळेत लॅबला पोचवली होती. संध्याकाळी तो मला न्यायला आला. घरी गेल्यावर शीलाने सगळे ऐकून घेतले. तिने चार्जर आणला आणि त्याच्या हातात दिला. त्याने तो स्वतः लावला.

दोन महिन्यांनी दौलतराव हिंडूफिरू लागले तेव्हा त्यांनी दोघांना जेवायला बोलावले आणि "ती डबीपण आणा" असे बजावले. जेवणे झाल्यावर राजाबाई हळदीकुंकवाचे ताट घेऊन माझ्यासमोर आली. बुद्धभूषण घाईने पुढे झाला.

"मावशी, आमच्यात हे करत नाहीत. आणि कुंकू तारेच्या भोकात गेलं तर बिचारा कायमचा जाईल!"

"मंग याचा मान करायचा तरी कसा?" दौलतरावांनी विचारले.

"मान? चार्जिंगला लावा, काका."

दौलतराव उठले. चार्जरची पिन हातात घेतली. भोक सापडेना. कीर्ती मदतीला गेली तर त्यांनी तिला थांबवले. तिसऱ्यांदा पिन बसली. मग ते भिंतीशी पाट घेऊन माझ्यासमोर बसले आणि चारही दिवे लागेपर्यंत उठले नाहीत.

मित्रांनो, मी आता थकलो आहे. पूर्वी एका दमात चार गाड्या उठवत असे, आता दोन उठवतो. एक दिवस माझे पोट फुगेल. तेव्हा मला वापरू नये, ओल्या कचऱ्यातही टाकू नये, जुन्या बॅटऱ्या जमा करतात तिथे नेऊन द्यावे. तसे करायचे शीलाने कबूल केले आहे, म्हणून मला चिंता नाही. तुमच्या घरात मात्र एखादी वस्तू 'लागेल तेव्हा बघू' म्हणून ठेवलेली असेल. विजेरी असेल, औषधांची पेटी असेल, माझ्यासारखी एखादी डबी असेल. आज तिच्यावरचे ओझे बाजूला करा. तिला बाहेर काढा, पुसा, चालते का ते बघा. ती तुमच्याकडे काही मागणार नाही. आम्हाला मागता येत नाही. पण ज्या दिवशी तुम्ही धापा टाकत तिच्याकडे धावाल, त्या दिवशी तिला तुमच्यासमोर लाज वाटू नये, एवढे तिच्यासाठी करा.