कुशाबा गेले

रामजी घाडींनी जांभळ्या स्केचपेनने हर्षवर्धनच्या नावापुढे मराठी एक काढला आणि तो नऊसारखा तर दिसत नाही ना, म्हणून कागद लांब धरून पाहिला. राज्यसभेच्या मतपत्रिकेवर आमदाराने एवढंच करायचं असतं. अक्षर लिहिलं की मत बाद, दुसरं पेन वापरलं तरी बाद, आणि पेटीत टाकण्याआधी आपल्या पक्षाच्या नेमलेल्या माणसाला कागद उघडून दाखवला नाही तरीही बाद. गिरणगावातून दोनदा निवडून आलेल्या माणसाला चार दिवस हॉटेलात कोंडून हेच घोकवून घेतलं होतं. एका मतावर सगळा खेळ होता.

ते आडोशाबाहेर आले, पक्षाच्या टेबलापाशी थांबले आणि कडेच्या खुर्चीकडे वळून त्यांनी कागद उघडला. कुशाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, वाकून आकडा पाहिला आणि मान हलवली. मागच्या दोन्ही वेळी असंच झालं होतं. रामजींनी घडी घातली, कागद पेटीत टाकला आणि दोन पावलं पुढे आल्यावर त्यांना आठवलं. कुशाबा तांबेंना जाऊन आज तेरा दिवस झाले होते.

खुर्ची रिकामी होती. तिच्या शेजारी, गळ्यात पक्षाच्या प्रतिनिधीचं ओळखपत्र घालून बसलेला स्वप्नील पांढराफटक पडला होता.

"भाऊ, मला दाखवलंच नाय तुम्ही," तो पुटपुटला. "खुर्चीला काय दाखवताय?"

विरोधकांचा प्रतिनिधी अभय अमरावतीकडचा होता, कुशाबांना ओळखत नव्हता, पण त्याला डोळे होते. तो उठून उभा राहिला आणि मत स्वप्नीलला दाखवलंच नाही, अशी त्याने हरकत घेतली. निवडणूक अधिकारी ऋता मॅडम नव्यानेच बदलून आल्या होत्या. त्यांनी मतदान थांबवलं, लॅपटॉपवर चित्रण मागे नेलं आणि सगळ्यांना दाखवलं. पडद्यावर रामजी कडेच्या खुर्चीपुढे कागद धरून उभे होते. मध्येच त्यांनी तो थोडा खाली केला, समोरच्या बसलेल्या माणसाला नीट दिसावा म्हणून करतात तसा.

"मत कोणाला दाखवलंत?" मॅडमनी विचारलं.

"मला दिसलं ना, मॅडम," स्वप्नील घाईने म्हणाला. "बाजूलाच तर होतो."

"तुमच्याकडे त्यांची पाठ आहे. मी त्यांना विचारतेय."

"कुशाबांना," रामजी म्हणाले. काही वेगळं सांगावं असं त्यांना सुचलंच नाही.

स्वप्नीलने डोळे मिटले. मॅडमनी मात्र शांतपणे फाईल उघडली. "कुशाबा तांबे. हो, आहे नाव. तुमच्या पक्षाने दोन प्रतिनिधी नेमलेत."

पक्षाच्या कार्यालयाने दरवेळच्या सवयीने कुशाबांचं नाव आधीच धाडलेलं होतं. ते गेल्यावर घाईघाईने स्वप्नीलचा फॉर्म दिला, पण जुनं नाव रद्द करायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. ज्या माणसाला जिवंतपणी काही दिलं नाही, त्याचं नाव तेवढं राहून गेलं होतं.

"मग प्रश्न कुठे येतो?" मॅडम म्हणाल्या. "कॅमेऱ्यात कडेची खुर्ची अर्धीच दिसतेय. तांबे कुठे आहेत सध्या?"

"कुशाबा गेले," रामजी म्हणाले.

"गेले? जेवायला का? परत कधी येतील?"

"येतीलच इतक्यात, मॅडम," स्वप्नील म्हणाला. त्याने टेबलाखालून रामजींचं मनगट दाबलं आणि दातांतून बोलला, "भाऊ, गप बसा. आपोआप सुटतंय."

गप बसायला रामजींना शिकवावं लागत नव्हतं. महिन्यापूर्वीच्या बैठकीत ही खासदारकी कुशाबांना द्यायची ठरलेली असताना साहेबांनी ऐनवेळी हर्षवर्धनचं नाव घेतलं. हर्षवर्धन पक्षात येऊन पुरते चार महिनेही झाले नव्हते. कुशाबांनी फक्त एकदा रामजींकडे पाहिलं होतं. एक शब्द टाकला असता तर पुढच्या निवडणुकीचं तिकीट गेलं असतं, म्हणून रामजी पाण्याच्या ग्लासात बघत बसले. त्या पाहण्याने त्यांना तेव्हापासून धड झोपू दिलं नव्हतं.

"गेले म्हणजे वारले, मॅडम," ते म्हणाले. "भोईवाड्याच्या स्मशानापर्यंत मी स्वतः खांदा दिलाय."

अभय खाली बसला. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी दारातल्या टेबलावरून प्रतिनिधींच्या हजेरीचा कागद मागवला आणि तो रामजींपुढे फिरवला.

"सकाळी आठ पन्नासला ही सही कोणी केली?"

स्वप्नील कागदावर वाकला आणि मागे सरकला. त्याने ती पाहिली नव्हती, हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं.

शिरोरेघ न देता केलेली सही होती. रेघ ओढायला वेळ कोणाला आहे, असं कुशाबा म्हणायचे. सभेच्या आधी येऊन सतरंज्या घालायच्या आणि सगळे गेल्यावर त्या झटकून ठेवायच्या, यात त्यांची चाळीस वर्षं गेली.

"कोणीतरी माझ्याशी खोटं बोलतंय," मॅडम म्हणाल्या. "ही तांबेंचीच सही असेल तर माणूस आज हजर होता, आणि मत वैध आहे. नसेल तर मत बाद करावं लागेल. ओळखता तुम्ही ही सही?"

रामजींनी सहीवरून बोट फिरवलं. ज्याने कुशाबांची जागा घेतली, त्याला निवडून आणायला ते मेल्यावरसुद्धा वेळेवर कामावर आले होते.

"नाही," ते म्हणाले. "ही त्यांची सही नाही."

"संपलात तुम्ही, भाऊ," स्वप्नील म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती.

रामजींनी मान डोलावली. संध्याकाळी निकाल लागला की लालबागभर त्यांच्या नावाने बोंब होणार, हे त्यांना कळत होतं. ते कडेच्या खुर्चीजवळ गेले आणि खाली वाकले.

"दादा, उठा आता," ते हळूच म्हणाले. "बास झालं."

शेरा लिहिण्यासाठी मॅडमनी हजेरीचा कागद पुन्हा जवळ ओढला, पेनचं टोपण काढलं आणि त्यांचा हात तसाच राहिला. कुशाबांच्या नावापुढे बाहेर जाण्याच्या वेळेचा रकाना मघाशी कोरा होता. आता तिथे एक वाजून दहा मिनिटं लिहिलेलं होतं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, तिथे एक दहाच झाले होते, आणि मग दाराकडे.