खुडूक कोंबडी आणि इंजिनेरसाहेब

सेलूच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या बन्सीधरनं दुकानाच्या पाटीवर नावापुढं ‘इंजिनेर’ रंगवून घेतलं, आणि तेव्हापासून जिनिंगवाले दिनकरराव हात धुऊन त्याच्या मागं लागले.

आभाळ आलं की जिनिंगमध्ये कापूस पांढरा का पिवळट, ते कळत नसे. त्यासाठी बन्सीधरनं दिवा केला. नुसता बंद काचेचा भोपळा. आत ना तार, ना काडी. खाली काचेच्या शेपटीत पाऱ्याचा थेंब. भोवती तांब्याच्या तारेचे वेढे, त्यांना रेडिओच्या वॉल्व्हचा जोर दिला की भोपळा आपोआप उजळायचा. आत जळायलाच काही नाही, मग दिवा मरेल कशाला?

पण मेला एका पट्टीत राहीना. पाऱ्याची ऊब जरा कमी-जास्त झाली की उजेड बिघडलाच.

“बन्श्या, घडीत दूध, घडीत ताक! दिवा हाय का गवळी?” दिनकरराव खिदळले. “बाजारादिवशी उजेड हलला, तर पाटीवरचं त्ये इंजिनेर सोताच्या हातानं खरडून काढायचं.”

“कबूल, मालक. न्हाई हलला, तर समद्यांदेखत साहेब म्हणायचं.”

शेपटीभोवती वाळू झाली, घोंगडं झालं, पारा ऐकेना. वैतागून बन्सीधर आम्लेटासाठी बायकोच्या, उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीखालचं अंडं चोरायला गेला. तिनं कचकन टोच मारली. हा मात्र हात तसाच ठेवून हसत बसला. ऊब! ना कमी, ना जास्त!

बाजारादिवशी दिवा जिनिंगमधल्या टेबलावर. शेपटी टेबलाच्या भोकातून खाली, फडक्यानं झाकलेल्या डालग्यात. उजेड असा थिजला, जणू घट्ट लागलेलं दही.

“कॉक्!”

“ह्ये काय बोललं?” दिनकररावांनी कान टवकारले.

“ट्रान्सफॉर्मर, मालक. तापलाय.”

दिनकररावांनी गुपचूप टेबलाखाली मूठभर ज्वारी फेकली. डालगं हललं. ट्रान्सफॉर्मर उठायला लागला. बन्सीधरच्या डोळ्यांपुढं खरडलेली पाटी नाचली. तेवढ्यात कोंबडी हुडकत त्याची बायको सरजाबाई आत आली, फडकं उचलून बघितलं, आणि ऊब निसटायच्या आत कोंबडीला दाबून ज्वारी चोचीशी धरली. “बस गं माय! घरधन्याची अब्रू हाय तुज्याखाली.”

“हलला का, मालक?”

“न्हाई,” दिनकररावांनी कबूल केलं. “जिंकलाव, इंजिनेरसा...”

“थांबा!” सरजाबाई कडाडली. “साहेब कुनाला म्हनायलाव? बसलंय कोन?”

दिनकररावांची कळी खुलली. टोपी काढून त्यांनी डालग्याला लवून सलाम ठोकला.

इंजिनेर पाटीवर राहिलं. पण सरजाबाईनं शेजारी अशी ठसठशीत कोंबडी रंगवून घेतली, की हुद्दा नेमका कुणाचा, हे गिऱ्हाईक बन्सीधरलाच विचारायचं.